कुंभारआळीच्या जागी मोगरा

डोंगरांपलीकडच्या एका राज्यात कीर्तिखातं नावाची कचेरी होती. तिथले म्हातारे दरवर्षी राज्याचं चित्र एका लांबच लांब पटावर काढून घ्यायचे आणि परमुलखातल्या बाजारांत टांगायला धाडायचे. परक्यांनी ते बघावं, राज्याचं नाव घ्यावं, भेटीला यावं, एवढाच त्या खात्याचा उद्योग.

पट रंगवायला एक चितारीण होती. त्या साली तिची धाकटी बहीण कुंभारआळीत तापाने पडली. आळीतली निम्मी चाकं थांबली होती. औषध होतं, पण ते समुद्रापलीकडच्या वैद्यांकडे. म्हणून चितारणीने आळी होती तशीच काढली: विझलेल्या भट्ट्या, दारोदारी टाकलेल्या खाटा आणि त्यांवरची तापलेली माणसं.

म्हातारे पट बघून खवळले. त्यांचे दात पडले होते, पण हुकूम सोडायची खोड शाबूत होती. त्यांतला एकही कधी आळीत फिरकला नव्हता.

त्यांच्यातला सगळ्यात थोरला म्हणाला, "पोरी, पाहुण्यांपुढे कुणी आजाऱ्याची खाट मांडतं का? तिथे मोगऱ्याची बाग काढ. छान दिसलं तर लोक येतील. त्यांत वैद्यही येतील. आले की बघतीलच डोळ्यांनी."

तिला ते पटलं. म्हणजे तिने पटवून घेतलं. मोठ्यांनाही नाही म्हणता येतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने खाटांवर हिरवा रंग चढवला आणि प्रत्येक चेहऱ्यावर एकेक फूल काढलं.

पट गेला. महिन्याभरात पाहुणे आले, आणि खरंच, त्यांत एक वैद्यबाई होती, खांद्याला औषधाची झोळी लावलेली. चितारणीने तिला हाताला धरून आळीत नेलं. बाकीचेही मागोमाग आले.

भर दुपार होती. आळीत शिरताच पाहुणे थबकले आणि गालात हसले. दोन्ही बाजूंनी कण्हणं ऐकू येत होतं. ते आपसात म्हणाले, इथे भुंगे किती आहेत. रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून ते खाटांमधून जपून पावलं टाकत होते. वैद्यबाई बहिणीच्या खाटेशी थांबली, वाकली, तिच्या तापलेल्या कपाळाजवळ नाक नेलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"अक्का," बहीण पुटपुटली, "ही बाई माझा वास का घेतेय?"

"ही माझी बहीण आहे," चितारीण म्हणाली. "तापाने फणफणलीय. झोळी उघडा, बाई."

वैद्यबाईने तिच्याकडे मायेने पाहिलं. "ही बाग तुम्हीच काढलीत ना? किती जीव ओतलाय." मग तिने बहिणीची एक बट खुडली, स्वतःच्या केसांत माळली आणि झोळी न उघडता निघून गेली.

संध्याकाळी म्हातारे आळीत आले, जन्मात पहिल्यांदा. ऐसपैस फिरले. एकाने बहिणीच्या उशाशी बसून पाय पसरले आणि बाग झकास जमल्याचं सांगितलं. चितारीण चाचपडत बहिणीचा हात शोधत होती. तो सापडत नव्हता. तिच्या मुठीत नुसती गार, ओली पानं येत होती.

तात्पर्य एवढंच: जगाला दाखवण्यासाठी दुखणं झाकलं, की ते औषध आणणाऱ्यालाही दिसत नाही आणि शेवटी आपल्यालाही नाही. मोठी माणसं झाका म्हणतील तेव्हा त्यांना आधी विचारा, खाटेवर तुमचं कोण आहे.