गोधडीवरची तांबडी वाट

ही गोधडी पांघरायची नाही, भिंतीवर टांगायची. हात लावून बघा, पण ती तांबडी पट्टी तेवढी ओढू नका. कडेबाहेर वीतभर लोंबते, म्हणून शिवणारीचं माप चुकलं असं प्रत्येक पाहुण्याला वाटतं. मागे एका बाईंनी तर पर्समधून कात्रीच काढली होती! आमच्या बोरखिळीत लेकीला सासरी पाठवताना अशी गोधडी हाताने शिवून देतात. कापडाची घरं, विहीर, देऊळ, डोंगर, सगळं ठिगळांनी टाचलेलं असतं. आणि ही पट्टी म्हणजे गावाची वाट.

फार पूर्वी इथे ठकूबाई नावाची बाई होती. तिच्यासारखा धावदोरा पंचक्रोशीत कुणाचा नव्हता म्हणे. तिची एकुलती लेक येसू खिंडीपलीकडे दिलेली. पण पोरगी तिथे टिकेना. दोनदा पळून आली आणि दोनदा आईनेच तिला परत नेऊन घातली. लोक काय म्हणतील, हा एकच घोर. लेकीचं काही ऐकून घेतलंच नाही.

पोरीने तिकडे रमावं म्हणून ठकूबाईने जुन्या लुगड्यांचे थर लावून त्यावर अख्खं गाव शिवलं, अगदी दारातली शेळीसुद्धा. फक्त गावात येणारी वाट मुद्दाम गाळली. वाट दिसली की पाय ओढ घेतात, असं तिचं म्हणणं. गोधडी सासरी गेली आणि त्यानंतर येसू खरंच आली नाही.

मग ठकूबाईचंच चित्त थाऱ्यावर राहीना. सुई बोटात घुसायची, भाकरी तव्यावर करपायची, खिंडीत जरा धूळ उडाली की ही उंबऱ्यात. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. हवं तेच झालं होतं, तरी जीव खालीवर. शेवटी एका सकाळी, कनवटीला सुईदोरा होता तेवढ्यानिशी, ती खिंडीकडे निघाली.

येसू जात्याशी बसली होती. अंगावर मांस उरलं नव्हतं, दंडावर काळेनिळे वळ. समोर भिंतीवर ती गोधडी.

"येसू, आली का न्हाईस गं?"

"कुठनं येऊ, आये? तू वाटच ठिवली न्हाईस."

असं सांगतात, की ठकूबाईने कनवटीची सुई काढली. अंगावरच्या लुगड्याचा तांबडा काठ तिने टरकन फाडला आणि उभ्याउभ्याच आपल्या घराच्या ठिगळापासून वाट टाचायला घेतली. "ह्ये काय चाललंय?" म्हणून विहीण ओरडली, तरी हात थांबला नाही. गोधडी संपली, काठ उरला. तो कापायचा तिला धीर होईना. तशीच ती गोधडी खांद्यावर टाकली, लेकीचा हात धरला आणि खिंड उतरली.

आजही इथे आई आधी वाट टाचते, घरं नंतर. उरलेला तुकडा कुणी कापत नाही. आणि त्या वाटेने लेक परत आलीच, तर तिला आधी तांब्याभर पाणी देतात. का आलीस, हे आमच्या गावात तिला कुणी विचारत नाही.