टिटवीची नक्कल

पळसाच्या रानात पाखरं नाटकं करायची, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. नकलांसाठी गाजलेला दाजी, काळा कोतवाल पक्षी, आता म्हातारा झाला होता. गळा बसला होता, तरी तो एकही खेळ चुकवत नसे.

एका संध्याकाळी तरुण साळुंकीनं टिटवीची नक्कल केली. सगळे खो खो हसले. टिटवी मात्र मान खाली घालून निघून गेली.

“दाजी, आवाज हुबेहूब होता ना?” साळुंकीनं विचारलं.

“होता गं पोरी.” दाजीला आपले दिवस आठवले. “मीही टिटवी करायचो. पण आधी आठ दिवस नदीकाठी तिच्या अंड्यांपाशी बसलो होतो. उघड्या वाळूतला तो संसार! ती एवढी का ओरडते, ते तिथं कळलं. माझ्या नकलेला सगळ्यात जास्त तीच हसायची, आणि हसता हसता डोळे पुसायची.”

सकाळी साळुंकी नदीवर गेली. टिटवीनं पाठ फिरवली, तरी साळुंकी रोज येऊन बसत राहिली.

सहाव्या दिवशी टिटवी किडे टिपायला पलीकडे गेली असताना म्हशींचा कळप वाळूत उतरला. काठच्या बाभळीवर बसलेल्या दाजीला टिटवीची आर्त हाक ऐकू आली. म्हशी बिचकून वळल्या. दाजीनं खाली पाहिलं, तर अंड्यांपुढे पंख पसरून साळुंकी थरथरत उभी होती. कितीतरी वर्षांनी त्याचा ऊर भरून आला.

टिटवी धापा टाकत परतली. अंडी पाहून ती हळूच म्हणाली, “आज खेळ आहे ना? मी पुढंच बसेन.”