माशांचं पारणं

“पण खायला घातलं नाही तर ते जगतील कसे, बुवा?”

निगुडकरांनी हा प्रश्न उभ्यानेच विचारला. मठीत आलं की माणसं आधी टेकतात, घोटभर पाणी पितात, मग बोलतात. निगुडकर चटईवर टेकायचे, लगेच उठायचे, खिडकीशी जाऊन कृष्णेचं पात्र बघायचे आणि परत यायचे.

चिंतूबुवा वाती वळत बसले होते. “उपाशी ठेव असं मी कुठे म्हणालो?” ते म्हणाले. “किती घालतोस, एवढंच विचारलं.”

“सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट.”

“आणि मध्ये?”

निगुडकर पुन्हा खिडकीशी गेले...

प्रभाकर निगुडकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. उभा जन्म धरणं आणि कालवे यांत गेलेला. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे ज्याच्या शब्दावर उघडायचे, त्या माणसाला दिवाणखान्यातली काचेची टाकी दाद देत नव्हती. हे त्यांना झोंबत होतंच. पण खरं दुखणं वेगळं होतं.

टाकी केतकीची होती. केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नोकरीसाठी बंगळुरूला गेलेली. बायको आधीच देवाघरी गेलेली, त्यामुळे निगुडकरांचा सगळा जीव या पोरीत. जीव असावा, पण त्याला काही माप? एक दिवस त्यांनी केतकीच्या साहेबांनाच फोन लावला आणि मुलीला जेवायला वेळेवर सोडता का, अशी चौकशी केली. ऑफिसभर तिचं हसं झालं. त्या दिवसापासून ती बापाचा फोन उचलत नव्हती. आठवड्यातून एकदा तिचा एका ओळीचा मेसेज यायचा.

‘मासे कसे आहेत?’

बाप कसा आहे, हे ती विचारत नसे. तरी निगुडकर त्या एका ओळीवर आठवडा काढायचे. आता मासेच गेले तर ती विचारणार काय? या विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं आणि जपाला बसलं तरी डोळ्यांपुढे टाकीच यायची.

टाकीत गोल्डफिश होते. दोन दगावले होते, उरलेले पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. माशांची घाण आणि उरलेलं खाणं टाकीत कुजतं, शेवटी त्याचं नायट्रेट होतं आणि ते पाण्यात साचत जातं. ते दिसत नाही, त्याला वास येत नाही. पाणी अगदी नितळ दिसतं आणि मासे खंगत जातात. तपासायची पट्टी बुडवली की मगच कळतं, आणि निगुडकरांची पट्टी दर वेळी लालभडक निघायची.

गृहस्थ गप्प बसला होता असं नाही. दुकानातल्या औषधांच्या बाटल्या ओतून झाल्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून घासून इतका साफ केला की पाणी स्वच्छ राखणारे जिवाणूही त्याबरोबर मोरीत गेले. एकदा तर सगळंच पाणी एका दमात बदललं, आणि ते दोन मासे त्यापायीच गेले. मग ठेच लागल्यावर शहाणे झाले. दर रविवारी चौथाई पाणी काढायचं आणि तेवढंच भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं. हे मात्र बरोबर होतं. तरीही पट्टी लाल ती लालच.

“आणि मध्ये?” बुवांनी परत विचारलं.

“मध्ये... होतं कधी कधी. जवळ गेलं की काचेशी येतात, आशेनं बघतात. मला राहवत नाही.”

बुवांनी हातातली वात तबकात ठेवली. “तू एकादशी करतोस ना?”

“कडक.”

“मग त्यांनाही करू दे.”

हे निगुडकरांना एकदम पटलं. घरात व्रतवैकल्यं पाळणारा माणूस, त्याला माशांचा उपास म्हणजे घरचंच काम वाटलं. ते खुशीत गेले.

पण एकादशी उलटल्यावर आले ते चपला पायातच ठेवून मठीत शिरले. पट्टी बदलली नव्हती. उलट जास्तच लाल होती. बुवांनी विचारलं की उपास नीट झाला का. निगुडकर म्हणाले, कणभरही घातलं नाही, अगदी देवाशपथ. आदल्या दिवशी काय केलं? आदल्या दिवशी जरा सढळ हातानं घातलं, दुसऱ्या दिवशी काही मिळणार नव्हतं म्हणून.

“आणि द्वादशीला?”

“द्वादशीला पारणं केलं,” निगुडकर म्हणाले. “उपाशी होते बिचारे. मटार उकडून, साल काढून घातले. संध्याकाळी परत थोडे.”

बुवा इतके हसले की तबकातल्या वाती सांडल्या. निगुडकर हसले नाहीत.

“हसू नका, बुवा. एक मासा सकाळपासून तळाशी पडून आहे.”

बुवांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी खुंटीवरची झोळी काढली आणि घरी चल म्हणाले.

निगुडकरांच्या दिवाणखान्यात बुवा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. शेजारची खुर्ची त्यांनी निगुडकरांना दाखवली. निगुडकर बसले... आणि उठले. पंखा लावला, मग बंद केला. खिशातून मोबाइल काढून केतकीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. मोबाइल खिशात गेला, आणि त्याच हातानं टाकीवरचा खाण्याचा डबा उचलला, झाकण काढलं, चिमूटभर दाणे पाण्यात सोडले. मासे धडपडत वर आले. निगुडकरांचा चेहरा जरासा सैल झाला.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. पुन्हा रिंग वाजून थांबली. पुन्हा डबा.

आपण काय करतोय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बुवा माशांकडे बघत नव्हते, ते त्या हाताकडे बघत होते.

पुढच्या वेळी तो हात टाकीवर गेला तेव्हा डबा जागेवर नव्हता. तो बुवांच्या झोळीत होता.

“बुवा, डबा...”

“माझ्याकडे राहू दे.”

“मग त्यांना घालणार कोण?”

“मी येत जाईन.”

“आणि मी काय करू?”

बुवांनी झोळी खांद्याला लावली.

“बसून राहा,” ते म्हणाले.

पुढचे दिवस निगुडकरांना फार जड गेले. धरण सांभाळणं यापेक्षा सोपं होतं. फोन लावायचा, तो उचलला जायचा नाही, आणि हात तसाच मोकळा राहायचा. त्या हाताचं करायचं काय? त्यांनी कपाटं आवरली, जुन्या छत्र्या दुरुस्त केल्या, टाकीतून काढलेलं पाणी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालून घालून तो टवटवीत केला. पण घरात बसलं की ती वाजून वाजून थांबलेली रिंग कानात राहायची, आणि ती किती दुखते हे त्यांना आता पहिल्यांदा कळत होतं. आजवर दुखायच्या आत डबा उघडला जायचा. एका दुपारी ते टाकीसमोर बसून चक्क रडले.

मग फोन लावणं कमी झालं. का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

बुवा मात्र रोज यायचे, चिमूटभर दाणे घालायचे, चहा न घेता जायचे. हळूहळू पट्टीचा लाल रंग गुलाबीवर आला आणि मग फिकट झाला. तळाशी पडलेला मासा आधी कलता कलता, मग सरळ पोहू लागला.

एका रविवारी बुवा झोळीतून डबा काढत होते तेव्हा निगुडकरांचा मोबाइल वाजला.

‘मासे कसे आहेत?’

निगुडकरांनी भराभर लिहायला घेतलं. पट्टीचा रंग, पाणी, कढीपत्ता. मग तू जेवलीस का, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, घरमालक कसा आहे... त्यांनी लिहिलेलं एकदा वाचलं. सगळं पुसून टाकलं आणि ‘बरे आहेत’ एवढंच पाठवलं.

उत्तर आलं नाही. निगुडकर खुर्चीत बसले. उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं मोबाइल पुन्हा वाजला.

‘आणि बाबा, तुम्ही?’

“विचारलं, बुवा,” ते कसेबसे म्हणाले. “तिनं मला विचारलं.”

‘मीपण बरा आहे,’ त्यांनी लिहिलं, पाठवलं. आता ती उचलेल, आता नक्की उचलेल. त्यांचा अंगठा फोन लावायच्या हिरव्या खुणेकडे निघाला.

बुवांनी दाणे पाण्यात सोडले. मासे वर आले, खाऊन खाली गेले. एक तेवढा काचेशी येऊन थांबला आणि आशेनं बघत राहिला. बुवांनी डब्याचं झाकण दाबून लावलं.

“आजचं झालं, प्रभाकर.”