मंगलहत्तीचा चौथरा

फार पूर्वी वेत्रवतीच्या तीरावरील एका नगरात महीसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्याच गजशाळेत मंगलहत्ती होऊन जन्मास आला होता. सौम्यदंत हे त्याचे नाव. रोहक नावाचा माहूत त्याची निगा राखीत असे.

सौम्यदंताची कीर्ती होती ती त्याच्या नमनामुळे. राजा बाहेर पडताच तो पुढचे दोन्ही गुडघे भुईला टेकी, राजा त्याच्या पाठीवर चढे आणि प्रजा जयजयकार करी. हे नमन रोहकाच्या वडिलांनी शिकवले होते. त्याबद्दल राजघराण्याने दिलेला पिवळा पटका आता रोहकाच्या डोक्यावर होता.

एका हिवाळ्यात रोहकाच्या ध्यानात आले, की सकाळी हत्ती पहिली काही पावले उजवा पाय जपून टाकतो. मग चाल मोकळी होते. गुडघ्याला कान लावला, तर आत वाळके पान चुरावे तसा आवाज येई. त्याने वृद्ध गजवैद्य पूर्णक याला बोलावले.

पूर्णकाने पाय वाकवून पाहिला, उलगडून पाहिला. "झीज नुकतीच सुरू झाली आहे," तो म्हणाला. "गेले ते भरून येत नाही, पण उरले ते पुष्कळ वर्षे राखता येते. हा फार जड झाला आहे. गूळभाताचे गोळे निम्मे कर. रोज सकाळी नदीत पोटाएवढ्या पाण्यात चालव. दुखते म्हणून बांधून मात्र ठेवू नकोस, सांधा हलता राहिला पाहिजे. सायंकाळी निर्गुंडीच्या पाल्याचा शेक दे. आणि नमन बंद. राजवाड्याच्या दारापुढे पंधरा पायऱ्यांचा चौथरा बांधून घ्या, म्हणजे झाले."

"नमन बंद?" रोहक हसला. "आजोबा, महाराजांना पायऱ्या चढायला मी सांगू?"

"का? त्यांच्या गुडघ्यांना काय धाड भरली आहे?"

रोहकाने विषय बदलला. "कळ थांबेल असे काही नाही का तुमच्याजवळ?"

"लेप आहे. दोन प्रहर कळ दबते. पण तो विश्रांतीच्या दिवशी लावावयाचा. कळ दाबून कामाला जुंपलास, तर कुठे थांबावे हे त्या मुक्या जिवाला कळणार नाही."

रोहकाने लेप घेतला. गोळे कमी करणे त्याच्याने झाले नाही. आपल्या हाताने भरवण्यात त्याला फार सुख होते. नदी दूर होती. चौथऱ्याविषयी तो रोज उद्या बोलणार होता. लेप मात्र नमनाआधी नेमाने लागू लागला.

हत्तीला सारे उमगत होते. दोन-तीनदा तो आपण होऊन नदीच्या वाटेला वळला; रोहकाने अंकुश लावून त्याला माघारी आणले. एका सकाळी त्याने दुखरा पाय उचलून रोहकापुढे धरला. रोहकाने तो पुसला, लेप लावला, आणि त्याच्या डोळ्यांत पाहण्याचे टाळले. आपल्या माहुताला भय कशाचे आहे, हे बोधिसत्त्वाने तेव्हा ओळखले. त्यानंतर त्याने पाय कधी पुढे केला नाही.

अशी तीन वर्षे गेली. वसंतोत्सवात राजवाड्यापुढे सौम्यदंताने नमन केले, राजा चढला, जयजयकार झाला. पण हत्ती उठेना. त्याने एकदा उठू पाहिले, आणि गुडघ्यात काही तुटल्याचा आवाज रोहकाने ऐकला. राजा खाली पडू नये म्हणून हत्ती तसाच निश्चल राहिला. राजा सुखरूप उतरल्यावरच त्याने एका कुशीवर अंग टाकले.

रोहकाने पटका काढून राजाच्या पायांशी ठेवला आणि काहीही न लपवता सारे सांगितले.

"चौथरा?" राजाने विचारले. "पंधरा पायऱ्यांचा? अरे, मी आंब्याच्या झाडांवर चढत मोठा झालो. मला विचारले का नाहीस?"

"नमन गेले तर माझे काय उरते, असे वाटले, महाराज."

"याचे हात तोडा!" सेनापती ओरडला. शिपायांनी रोहकाला धरले. तोच पडल्या जागेवरून हत्तीने सोंड लांबवली, त्याच्या कमरेभोवती घातली आणि त्याला आपल्या छातीशी ओढून घेतले. राजाने हात वर करून शिपायांना मागे सारले.

आठ दिवसांत चौथरा उभा राहिला. नदी, शेक, निम्मे गोळे, सारे सुरू झाले. सौम्यदंत लंगडत का होईना, चालू लागला. पण त्याच्या पाठीवर पुन्हा कोणी बसले नाही. "उपचार तेच आहेत," पूर्णक खिन्नपणे म्हणाला, "राखावयाचे मात्र थोडेच उरले आहे." त्या रिकाम्या चौथऱ्यापाशी एकदा हत्ती थांबला असता रोहकाने पाहिले: त्याची उंची हत्तीच्या पाठीशी अगदी बरोबर जुळत होती.

गुडघ्याची कळ लपवणाऱ्या आणि चौरंगावर बसण्यास लाजणाऱ्या एका वृद्ध भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा माझा शिष्य आनंद, वैद्य म्हणजे सारिपुत्त, माहूत म्हणजे तू, आणि तो हत्ती म्हणजे मी." मग त्यांनी स्वतः चौरंग त्याच्यापुढे सरकवला.

ही क्षान्तीची, म्हणजे क्षमाशील सहनशीलतेची, कथा आहे. क्षान्तीने माहुताचे हात वाचले. गुडघा मात्र वेळेवर बोललेल्या दोन शब्दांनीच वाचला असता.