विटंवरचं रान

ऐका रं पोरांनो, आन् तू ग बाये, आधी नाकातलं बोट काड.

येक व्हती अंजिरा. एवढुशी पोर, केस पिंजारल्यालं, पर डोळं कसं, भिजल्या करवंदावानी काळंभोर. तिची आय राजाच्या बागंत झाडलोट करायची. येक दिस शेवाळावरनं पाय घसारला आन् कंबर मोडली. तवापासनं आय खाटंवर पडली, ती भिताडाकडं तोंड करून. बोलंना, हसंना, पोरीकडं बघंना. घास भरवला तरी भिताडाला बगूनच गिळायची.

मंग बागंतला झाडू अंजिरानं उचलला.

बागंच्या कोपऱ्यात कारंजं, कारंज्याच्या गार सावलीत नेचा. त्याला फूल न्हाई, फळ न्हाई. नुस्ती हिरवी हिरवी, कंगव्यावानी पानं, आन् पानापानावर दवाचं चिमुकलं मोती. अंजिरानं येक पान उलटं केलं, तर पाठीवर वळीनं तांबूस ठिपकं!

"आगं बया! ह्याला तर खरूज झाली!" म्हनून ती परकराच्या टोकानं हळूहळू पाठ पुसाय लागली.

"आगं आगं आगं! माजी पोरं पुसतीस व्हय!"

पानाखालनं परी भाईर आली. करंगळीएवढी. पोपटी लुगडं, काजव्यावानी लुकलुकतं पंख, आन् नाकाच्या शेंड्यावर तांबूस धूळ. "हाऽऽच्छी!" शिंकली, तशी सोनेरी भुकटी उडाली.

"पोरं? कुटं हायत पोरं?"

"हीच की! नेच्याला बी नसतं. ही पाठीवरची धूळ हाय न्हवं, त्यातनंच नवा नेचा व्हतो."

"चुकलं माजं. मला वाटलं, बिचाऱ्याला खाजत आसंल."

परी खुदुखुदु हसली. "नेच्याची पाठ खाजवनारी तू पैलीच. माग, काय पायजे?"

"माज्या आयचं तोंड माज्याकडं फिरव."

परीचं पंख खाली आलं. "मानसाचं तोंड फिरवनं माज्या हातात न्हाई ग बाळ. मी पानांची परी. तुला रान दीन. बगायला ती वळती का, त्ये तिचं ती. पर नेम पाळावं लागतील."

"पाळीन."

"विटंचा तुकडा घी. त्याच्यावर उकळतं पानी वत, म्हंजी भलतंसलतं उगवायचं न्हाई. गार झाला की पान्याच्या ताटलीत ठिव आन् वरनं ही धूळ भुरभुरीव. काचंची बरनी पालथी घाल. वीट खालनं पानी पिईल. उन्हात ठिवू नगंस, ताटली सुकू दिऊ नगंस. आन् मोठा नेम आसा, की बरनी उघडायची ती कुनाला तरी द्यायलाच. बगायला न्हाई."

"वास घ्यायला?"

"न्हाई."

"जरासं बोट लावायला?"

"आगं न्हाई म्हनते ना, चोंबडे!"

अंजिरानं सगळं तस्संच केलं. दिस गेलं, म्हयनं गेलं. विटंवर हिरवा चट्टा धरला. शेजारची कोंडाकाकी दारातनं डोकावली. तिची जीभ म्हंजी कातरच!

"अंजे, शेवाळानं तुजी आय पाडली, आन् तू शेवाळच पाळतीस व्हय?"

अंजिराला रडू आलं. बरनी उचलून फेकावी वाटली, पर तिनं दोनी हात काखंत दाबून धरलं.

मंग त्या चट्ट्याची चिमुकली बदामं झाली, पत्त्यातल्या बदामावानी. आन् येका बदामातनं येक कोंब वर आला, गोगलगाईवानी गुंडाळल्याला, पोपटी, लुसलुशीत.

"आय, बघ की ग!"

आय भिताडाकडंच.

तेवढ्यात कोंडाकाकी आली, डोळं सुजल्यालं. "सून नातीला घिऊन म्हायेरी गेली ग. घर खायला उठतंय. त्येवढं पिल्लू दे की मला."

यकच व्हतं! अंजिरानं खाटंकडं बगितलं, काकीकडं बगितलं. हे दिलं तर आय कशाला वळंल? मंग तिनं बरनी उचलली.

बरनीच्या आतनं थेंबांचं झुंबर लोंबत व्हतं. उचलल्याबरुबर टपटप टपटप सगळी सर बदामांवर पडली. कोंब फुटायला त्यास्नी तीच पायजे व्हती! बरनी उघडलीच नसती तर कशी पडनार? आन् वला, हिरवागार, रानाचा वास खोलीभर पसरला.

अंजिरानं पिल्लू करवंटीत लावून काकीच्या हातात दिलं. "काकी, त्याला शिव्या दिऊ नका हां. लहान हाय."

कोंडाकाकी रडता रडता हसली आन् करवंटी पोटाशी धरून गेली.

अंजिरा मागं वळती तर काय! हितं येक कोंब, तितं येक कोंब, विटंवर पोपटी गुंडाळ्याच गुंडाळ्या उलगडाय लागल्या. पानापानावर चांदन्या. बरनीच्या काठावर परी, पाय हालवत बसल्याली.

कर्रर्र. खाट वाजली.

"अंजे..." आयचा आवाज गंजल्या कडीवानी. तोंड हिकडं! "कुनाला दिलंस ग?"

"कोंडाकाकीला."

"यकुलतं यक? तिला?"

"मागितलं तिनं."

आयनं हात फुडं केला आन् पोरीचं पिंजारल्यालं केस मागं सारलं.

"ही माजी करनी न्हाई हां!" परी म्हनाली, "हाऽऽच्छी!" शिंकली, आन् हिरव्या-सोनेरी उजेडात इरघळून गेली. भांडी चमकली, भिताड चमकलं, खाट चमकली.

आय डोळं पुसत म्हनाली, "भूक लागली ग."

उजेड कुटं गेला त्ये बगायला बी अंजिरा थांबली न्हाई. ती चुलीकडं पळाली.