भिंतपालाच्या डोळ्याएवढी भिंत

फार दूर नाही, इथून जवळच एक जंगल होतं. त्या जंगलाला एक राजा होता. राजा अस्वल होता. त्याला प्रजेनेच निवडून दिलं होतं, त्यामुळे तक्रार करायला कुणाला तोंड नव्हतं.

जंगलातल्या प्राण्यांना घरं होती, घरांना अंगणं होती आणि अंगणांना पुढच्या बाजूला भिंती होत्या. भिंतींसाठी एक कायदा होता. घराची पुढची भिंत भिंतपालाच्या डोळ्यापेक्षा उंच असू नये, असा तो कायदा. भिंतपाल म्हणजे रस्त्याने हिंडून भिंती तपासणारा सरकारी प्राणी. टंचाईत कुणी धान्य दडवून ठेवलं, तर ते त्याला उभ्या उभ्या दिसावं, एवढाच कायद्याचा हेतू होता.

कायदा झाला तेव्हा दाजीबा हत्ती भिंतपाल होता. हत्तीचा डोळा किती उंचावर असतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे कुणाची भिंत कधी बेकायदा ठरली नाही. दाजीबा सकाळी निघायचा, भिंतीवरून डोकावायचा, बरं चाललंय ना म्हणून विचारायचा आणि पुढे जायचा. कायद्यात हाताचं किंवा वितीचं माप घालावं, असं त्या काळात कुणालाच सुचलं नाही. अधिकारी चांगला आहे म्हणजे कायदाही चांगलाच आहे, अशी त्या जंगलाची समजूत होती. अशा समजुतीत राहणाऱ्यांची मला दया येत नाही. पण त्यांच्या पिल्लांची येते, म्हणून सांगायला बसलो आहे.

दाजीबा निवृत्त झाला. त्याच्या जागी महाराजांनी गोजिराताई नावाच्या चिचुंद्रीला नेमलं. निवडणुकीत गोजिराताईंनी झुडपाझुडपाखाली शिरून घोषणा दिल्या होत्या आणि त्यांना काहीतरी देणं भाग होतं. पाण्याचं खातं मेहुण्याला गेलं होतं, मधाचं महाराजांनी स्वतःकडे ठेवलं होतं. उरलं होतं ते भिंतींचं.

चिचुंद्री जमिनीला घासत चालते आणि तिला दिसतंही बेताचंच. पहिल्या दिवशी ताई एका भिंतीपाशी गेल्या, मान वर केली, पलीकडचं काही दिसेना. दुसऱ्या भिंतीपाशी गेल्या, तिथेही तेच. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की जंगलातली एकूण एक भिंत बेकायदा आहे. कायदा पाहता त्यांचं काही चुकलं नव्हतं. लगेच गव्यांची तुकडी आली आणि सगळ्या भिंती पाडून आडव्या ठेवलेल्या एका विटेएवढ्या करून गेली.

या प्रसंगी महाराजांनी भाषण केलं. ते म्हणाले, "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला भिंत हवी कशाला? आजपासून या जंगलात खुलेपणाचं पर्व सुरू होत आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराज स्वतः कड्यावरच्या गुहेत राहत होते. कडा ही भिंत नव्हे, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने कुणी विचारायच्या आतच केला. सत्ताधारी पक्षाचे ज्येष्ठ सभासद विश्वासराव कोल्हे करवंदांच्या दाट जाळीमागे राहत होते. जाळी आपोआप वाढते, तिला परवानगी लागत नाही.

आता धुरपदाबाईंकडे येऊ. धुरपदाबाई म्हणजे एक रानकोंबडी. पाणवठ्याच्या वाटेवर तिचं घर. नवरा निवडणुकीत महाराजांच्या प्रचाराला आरवायला म्हणून गेला होता, तो अजून आरवतोच आहे. घरी बाई आणि तिची चार पिल्लं. भिंत होती तोवर पिल्लं अंगणात माती उकरायची, किडे टिपायची आणि वाटेवरून कोण गेलं याची कुणाला फिकीर नसायची. भिंत पडली आणि त्याच आठवड्यात एक पिल्लू गेलं. करवंदांच्या जाळीपाशी तिला चार पिसं सापडली. ती तिने ओळखली. आईला पिसं ओळखायला वेळ लागत नाही.

ती रडली आणि मग तिने अर्ज केला. जंगलात अशी सोय होती की एखाद्याला कायद्याहून उंच भिंत हवी असेल, तर त्याने कारण देऊन सवलत मागावी. बाईने मागितली ती फार नव्हती. तिला स्वतःच्या मानेएवढी भिंत हवी होती. बाहेरच्याला पिल्लं दिसू नयेत आणि बाहेर कोण घुटमळतंय ते आपल्याला दिसावं, एवढंच तिचं म्हणणं.

अर्जाची सूचना वडाच्या बुंध्याला लावली गेली. हरकत फक्त एकाची आली. विश्वासराव कोल्ह्यांचं म्हणणं असं पडलं की ते पूर्वापार त्या अंगणाकडे बघत आले आहेत, आणि भिंत उंच झाली तर त्यांच्या वहिवाटीवर गदा येईल. सवलत समितीचे अध्यक्षही विश्वासरावच होते. त्यामुळे हरकत पोचायला उशीर लागला नाही.

सुनावणी आडव्या पडलेल्या एका सागाच्या ओंडक्यापाशी झाली. ओंडक्यावर मधोमध विश्वासराव, बाजूला गोजिराताई. समोर धुरपदाबाई, आणि मागे बघ्यांत तिचा शेजारी भिकोबा ससा.

"भिंत कशाला हवी, बाई?" विश्वासरावांनी गोड आवाजात विचारलं.

"पिल्लं जातात, साहेब."

"जातात म्हणजे कुठे जातात?"

"पोटात."

"कुणाच्या?"

गोजिराताईंनी हळूच सांगितलं की पुराव्याशिवाय पदाधिकाऱ्याचं नाव घेणं हा गुन्हा आहे, आणि पुरावा तर बाईंच्याच म्हणण्यानुसार खाल्ला गेलेला आहे.

"तुमच्या," धुरपदाबाई म्हणाली.

विश्वासराव जराही चिडले नाहीत. मोठ्या पुढाऱ्याचं हेच लक्षण. ते म्हणाले की बाईंच्या भावना आपण समजू शकतो, पण आपलं नाव आलं असल्याने नैतिकतेला धरून आपण या प्रकरणातून बाजूला होत आहोत. आणि ते त्याच ओंडक्यावर वीतभर बाजूला सरकले. तिथून त्यांनी सुनावणी पुढे चालवली.

"हा माझा अपमान नाही," ते म्हणाले, "हा माझ्या समाजाचा अपमान आहे. आम्ही कालही करवंदंच खात होतो आणि उद्याही करवंदंच खाणार."

आजचं त्यांनी काही सांगितलं नाही. बघ्यांपैकी पुष्कळांचे डोळे भरून आले.

असं नुसतं ऐकून निर्णय देणं बरं नाही म्हणून समितीने स्थळपाहणी ठरवली. समिती भर दुपारी आली. पाहणीवर दबाव नको म्हणून घरमालकिणीला वडापाशी थांबायला सांगितलं. गोजिराताई बाहेरून विटेएवढी भिंत तपासत राहिल्या, विश्वासराव एकटेच आत गेले आणि बराच वेळ पाहणी करत होते. ओठ पुसत बाहेर आले तेव्हा अंगणात एकच पिल्लू उरलं होतं, रांजणाखाली शिरलेलं, पाठीवर पांढरे ठिपके असलेलं. त्याला धुरपदा ठिपकी म्हणायची.

समितीचा निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी आला. अर्जदाराकडील पिल्लांची संख्या वेगाने घटत असून, त्या प्रमाणात भिंतीची गरजही घटली आहे. सबब अर्ज नामंजूर.

धुरपदा भिकोबाच्या दारात जाऊन बसली. भिकोबा तसा वाईट नव्हता. त्याने तिला पाणी दिलं, फार वाईट झालं म्हणाला, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "पण बाई, तू थेट नाव घ्यायला नको होतंस. आपण बरं, आपलं गवत बरं." त्या जंगलात भिकोबासारखे पुष्कळ होते. कोल्हे थोडे होते. तरी राज्य कुणाचं होतं ते बघा. मला विश्वासरावापेक्षा या भिकोबाचीच जास्त चीड येते. कोल्हा निदान भूक लागते म्हणून खातो.

पण बातमी पसरली. ज्यांची ज्यांची अंडी आणि पिल्लं उघड्या अंगणातून गेली होती त्या लाव्या, तितर, साळुंक्या, सशिणी कुजबुजू लागल्या, आणि निवडणूक तोंडावर आली होती. पाणवठ्यावर मोठी सभा भरली. धुरपदा ठिपकीला पंखाखाली घेऊन दगडावर चढली. तिला भाषण करता येत नव्हतं. तिने सरळ सांगितलं.

"भिंतपाल कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? कायद्यात माप लिहा. दोन वीत लिहा, तीन वीत लिहा. म्हणजे कुणीही आला तरी आपली भिंत तेवढीच राहील. अधिकाऱ्याच्या डोळ्यावर माझ्या लेकरांचा जीव कशाला टांगता?"

बोलणं इतकं सोपं होतं की ते कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "उंच भिंतपाल हवा!" आणि सगळं जंगल दणाणलं. उंच भिंतपाल हवा, उंच भिंतपाल हवा. भिकोबाही मागच्या पायांवर उभा राहून ओरडत होता. धुरपदा सांगत होती की मी असं म्हणाले नाही, पण तिला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली होती आणि खांद्यावरून बोललेलं खाली ऐकू येत नाही.

महाराजांनी जनतेचा आवाज ऐकला. गोजिराताईंना सल्लागार करून टाकलं आणि त्र्यंबकराव करकोच्याला भिंतपाल नेमलं. "उंच नेतृत्व, उंच भिंत" अशा घोषणेवर महाराज पुन्हा निवडून आले, पहिल्यापेक्षा जास्त मतांनी.

करकोचा उंच असतो हे खरं. पण त्याची मान त्याच्या मर्जीची असते. ताणली तर डोळा फांदीला लागतो, दुमडली तर छातीत बसतो. त्र्यंबकराव एका पायावर उभे राहून भिंत मोजायचे. मालक ओळखीचा असला की मान ताणायचे, नसला की दुमडायचे. कायदा एका अक्षरानेही बदलला नव्हता. लोक म्हणाले, निदान आधीच्यापेक्षा तरी बरं आहे.

मग सुरक्षित पिल्लू भिंत योजना निघाली. पहिली लाभार्थी अर्थातच धुरपदाबाई. भिंत बांधण्याचं काम अनुभवी माणसाला द्यायचं ठरलं. पिल्लांच्या क्षेत्रातला सर्वांत दांडगा अनुभव विश्वासरावांना होता, म्हणून काम त्यांना मिळालं. त्र्यंबकरावांनी त्या दिवशी मान इतकी ताणली की ती मोडते की काय असं वाटलं. भिंत तेवढी उंच झाली आणि चारी बाजूंनी झाली. तिला एकच दार ठेवलं, आणि देखभालीसाठी आतच विश्वासरावांची चौकी बांधली.

धुरपदा महाराजांपर्यंत गेली. म्हणाली, "मला एवढी नको होती, महाराज. मानेएवढी हवी होती. आणि यांना आत कशाला ठेवता?"

महाराजांनी तिच्या डोक्यावर पंजा ठेवला. "बाई," ते म्हणाले, "आधी भिंत नव्हती म्हणून ओरडलीस, आता आहे म्हणून ओरडतेस. सरकारने करायचं तरी काय?" हे वाक्य दुसऱ्या दिवशी जंगलभर झाडाझाडावर लागलं. खाली धुरपदाचं चित्र होतं. चित्रात ती हसत होती.

उद्घाटन थाटात झालं. महाराजांनी वेल कापली, मध वाटला, नवरोबाही आरवून गेले. धुरपदाने आत जायला नकार दिला तेव्हा कार्यकर्त्यांनी ठिपकीला उचलून आत नेऊन ठेवलं, म्हणजे आई आपोआप आत गेली. ती एकटी असती तर कधीच फांदीवर उडून गेली असती. ठिपकीला अजून पंख फुटले नव्हते. सगळे पांगल्यावर विश्वासरावांनी दार आतून लावून घेतलं.

थोड्या वेळाने आतून धुरपदाचा आवाज आला. तो सगळ्या आळीने ऐकला. भिकोबा बाहेर आला, भिंतीपाशी गेला, वर बघितलं. भिंतीवाचून काही दिसेना. इतक्यात वाटेने त्र्यंबकराव चालले होते. भिकोबाने हात जोडून विनवलं, "साहेब, जरा डोकावता का? आत काहीतरी चाललंय."

त्र्यंबकरावांनी मान दुमडून घेतली. "भिंत नियमात आहे," ते म्हणाले. "मीच मोजली आहे." आणि ते चोच पंखात खुपसून एका पायावर उभे राहिले. भिकोबा थोडा वेळ थांबला. आवाज बंद झाल्यावर त्याला हायसं वाटलं. घरी जाऊन त्यानेही उंच भिंतीसाठी अर्ज केला.

त्या वर्षीच्या अधिवेशनात विश्वासराव उभे राहिले आणि त्यांनी सभागृहाला आनंदाची बातमी दिली: योजना सुरू झाल्यापासून रस्त्यावरून जाणाऱ्या एकाही नागरिकाला जंगलात कुठेही अन्याय झालेला दिसलेला नाही. सभागृहाने बाकं वाजवली, आणि महाराजांनी ही योजना सगळ्या घरांना लागू केली.