झिपरीचे पाहुणे

एके काळी काचेच्या टाकीतल्या चिमुकल्या समुद्रात झिपरी नावाची कोळंबी राहायची. टाकीत नवा दगड आला की त्याला चिकटून आलेले पाहुणे ओळखायचं काम तिचं.

एकदा दगडातून एक केसाळ किडा निघाला आणि एक फुलासारखा जीव.

"शी! तू वाळूखाली जा," झिपरी किड्यावर खेकसली. फुलाला मात्र तिने लाडक्या पोवळ्याशेजारी कौतुकाने बसवलं.

थोड्याच दिवसांत फुलाच्या डंखांनी पोवळं अर्धं करपलं. झिपरी रडत तिथे आली, तर किडा मेलेला भाग खाऊन जागा साफ करत होता.

"बाई, मला कुजकं आवडतं, त्या फुलाला जिवंत," तो म्हणाला. "विचारायचं तरी!"

पुढचा दगड आला तेव्हा झिपरीने कुणाचं रूप पाहिलं नाही. "या, आधी जेवायला बसा," म्हणाली, आणि कोण काय खातं ते बघत राहिली.